गंजलेला हेडलाइट रिफ्लेक्टर: पद्मिनी, अँबेसिडर आणि जीपवाल्यांसाठी

जुन्या गाडीचा उजेड कमी पडतो म्हणून गॅरेजमध्ये गेलात की सल्ला ठरलेला असतो: "साहेब, शंभर-नव्वदचा बल्ब टाकून देतो," म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) १०० आणि डिपरला (जवळच्या झोताला) ९० वॉटचा. बल्ब बदलतो, चार दिवस बरं वाटतं, मग होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टरच्या वरच्या अंगाला तपकिरी डाग पडतो. मूळ दुखणं जागच्या जागी राहतं. गोल हेडलाइटमध्ये बल्बचा उजेड आधी रिफ्लेक्टरवर, म्हणजे आतल्या चकचकीत वाटीवर, पडतो आणि तिथून परावर्तित होऊन रस्त्यावर जातो. त्या वाटीलाच गंज चढला असेल, तर मोठा बल्ब म्हणजे डब्याच्या आतच जास्त उजेड आणि जास्त उष्णता.

हा लेख मी प्रीमियर पद्मिनी समोर ठेवून लिहितो आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडणं बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण हौसेने सांभाळलेल्या पद्मिन्या अजून आहेत, आणि तिचा सात इंची, म्हणजे १७८ मिलिमीटरचा गोल दिवा अँबेसिडर, महिंद्रा जीप आणि बुलेटच्याही मापाचा आहे. मारुती ८०० सारख्या चौकोनी दिव्यांना तत्त्व तेच लागू पडतं, काढण्या-बसवण्याची पद्धत तेवढी वेगळी.

वाटीत असतं तरी काय

जुना रिफ्लेक्टर म्हणजे प्रेसवर दाबून पॅराबोलाच्या आकारात आणलेला पोलादी पत्रा. त्यावर आधी लॅकरचा थर देतात, कारण पत्रा कितीही घासला तरी आरशाइतका गुळगुळीत होत नाही, लॅकर मात्र स्वतःहून सपाट पसरतं. त्यावर निर्वात पेटीत अॅल्युमिनियमची वाफ बसवतात. हा थर साधारण ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ. त्यावर पारदर्शक संरक्षक थर, तोही सगळ्या कंपन्या सारख्याच मनापासून देत होत्या असं नाही.

हे तीन थर लक्षात घेतले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. फडक्याने "जरा पुसून घेतलेला" रिफ्लेक्टर काळा का पडतो? कारण पुसताना अॅल्युमिनियमच निघून येतं. पाणी शिरल्यावर बुडबुड्यांसारखे फोड का येतात? कारण लॅकरच्या खाली पत्रा गंजतो, गंज फुगतो आणि वरचे थर उचलतो. म्हणजे वरून चमक आणणारी कोणतीही क्लृप्ती फोडाखालच्या गंजाचं काही करू शकत नाही.

दोष रिफ्लेक्टरचाच आहे ना?

दिवा उघडण्याआधी मल्टीमीटर काढा. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजवर फार तीव्रपणे अवलंबून असतो: व्होल्टेज १० टक्के घसरलं की उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घसरतो. जुन्या गाड्यांत बहुधा रिले (दिव्याचा मोठा करंट स्विचमधून न नेता थेट बॅटरीकडून देणारा जोड) नसतो. दोन्ही दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरच्या स्विचमधून फिरून येतो, आणि चाळीस वर्षांच्या स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात.

इंजिन चालू ठेवा, रेस थोडी वाढवा. डायनॅमोच्या गाडीत हे जास्तच गरजेचं, कारण आयडलला डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. डिपर लावा. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या कपलरच्या (वायरींच्या प्लगच्या) मागून पिना घालून तिथे मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंगला दोष देऊ नका. एक-दीड व्होल्ट फरक निघाला तर आधी रिले बसवून घ्या आणि अर्थिंगचं टोक बॉडीचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट करा. अर्थिंग वेगळं तपासायचं असेल तर बल्बची अर्थची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मोजा, तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. कित्येकदा काम इथेच संपतं आणि रिफ्लेक्टरला हात लावायची वेळच येत नाही.

काचेकडेही पाहा. आतल्या बाजूने पिवळट धुरकट पापुद्रा बसलेला असतो, तो रबर आणि ग्रीसच्या वाफांचा. तोही उजेड खातो, पण तो धुऊन निघतो.

गंज नेमका कुठे आहे

या भागाकडे गॅरेजमध्ये सहसा कुणी लक्ष देत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

एच-४ या जातीच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन फिलॅमेंट असतात. अप्परचं फिलॅमेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर असतं, त्याचा उजेड पूर्ण वाटी वापरतो. डिपरचं फिलॅमेंट थोडं पुढे, काचेच्या बाजूला असतं आणि त्याच्या खाली पत्र्याची एक छोटी पन्हळ असते. ती पन्हळ खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे डिपरला काम करतो तो रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग, आणि डाव्या अंगाची उजेडाची पट्टी थोडी वर उचलण्यासाठी बाजूचा एक छोटा तुकडा. जुन्या ४५/४० वॉटच्या बल्बमध्येही रचना हीच, फक्त त्याची बैठक वेगळ्या मापाची असते, त्यामुळे तो आणि एच-४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

खात्री करायची असेल तर भिंतीसमोर डिपर लावा आणि काचेचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्याने क्षणभर झाका. भिंतीवरचा उजेड जवळपास तसाच राहील. अप्पर लावून हेच करा, उजेड चटकन पडेल. पुठ्ठा काचेला टेकवून ठेवू नका, ती चांगलीच तापते.

आता पाणी कुठे साचतं? तळाला. म्हणून पावसाळ्याचा गंज बहुतेक वेळा वाटीच्या खालच्या ओठापासून सुरू होतो आणि त्याचा फटका अप्परला बसतो. गावात डिपरवर चालवताना काही जाणवत नाही, पण रात्री कशेडी घाटात अप्पर मारला की समजतं की पुढे काहीच नाही. याउलट मोठ्या बल्बने जळलेला रिफ्लेक्टर वरच्या बाजूला, बल्बच्या बरोबर माथ्यावर खराब होतो आणि डिपरचा उजेड घालवतो. गाडी वापरण्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तुमचं नव्वद टक्के रात्रीचं ड्रायव्हिंग डिपरवरच होतं.

तेव्हा दिवा काढल्यावर फक्त किती गंज आहे हे पाहू नका, कोणत्या अर्ध्या भागात आहे ते पाहा. खालच्या कडेला दोन-तीन बोटं गंज आणि वरचा भाग लख्ख असेल तर घाई नाही. वरच्या भागात रुपयाच्या नाण्याएवढा डाग असेल तर आहे.

मग करायचं काय

चार वाटा आहेत, आणि मी त्या माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो.

नवा संच मिळत असेल तर तो घ्या. सात इंची गोल दिवा हा भारतात सहज मिळणारा सुटा भाग आहे. लुमॅक्स, ऑटोपाल, फीम यांसारख्या भारतीय कंपन्यांनी या मापाचे एच-४ संच बनवले आहेत. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूची स्पेअर पार्टची दुकानं, जुनं मूळ सामान हवं तर कुर्ल्याचं भंगार मार्केट. घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा: दिवा डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा हवा. युरोपीय मानकाच्या काचेवर तसा बाण असतो. दिव्यासमोर उभं राहून पाहिलं तर तो आपल्या उजवीकडे दाखवतो. बाणच नसलेली युरोपातली काच उजव्या बाजूच्या वाहतुकीची असते, ती इथे लावली तर उजेडाची उचललेली पट्टी थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. परदेशातून हौसेने मागवलेल्या "ओरिजिनल" दिव्यांत हा घोळ हमखास असतो.

दुसरी वाट म्हणजे रिफ्लेक्टरवर पुन्हा व्हॅक्यूम मेटलायझिंग करून घेणं, म्हणजे निर्वात पेटीत अॅल्युमिनियमचा थर नव्याने चढवणं. मूळ काचेवर जीव असेल, किंवा दिवा अशा गाडीचा असेल की ज्याचा संच मिळतच नाही, तर हाच खरा उपाय. पुढचा बराचसा लेख त्याबद्दल आहे.

तिसरी, चांदीचा मुलामा. पितळी रिफ्लेक्टरच्या फार जुन्या गाड्यांना मूळ तोच असे. चांदी अॅल्युमिनियमपेक्षा जास्त उजेड परावर्तित करते, पण हवेतल्या गंधकाने काळवंडते आणि वरचेवर हलक्या हाताने पॉलिश मागते. विंटेज रॅलीच्या गाडीला शोभतो, रोजच्या गाडीला नको.

चौथी, अॅल्युमिनियमची चिकटपट्टी. ती कामचलाऊ आहे, पण नीट केली तर निरुपयोगी नाही.

यात क्रोम नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. क्रोम प्लेटिंग डोळ्याला झगझगीत दिसतं, पण ते पडलेल्या उजेडापैकी साधारण ६० ते ६५ टक्केच परत पाठवतं, तर चांगल्या अॅल्युमिनियमच्या थराचा आकडा ८५ ते ९० च्या घरात असतो. बंपरवाल्याकडून रिफ्लेक्टर क्रोम करून आणणं म्हणजे पैसे देऊन उजेडाचा मोठा वाटा घालवणं. डब्यातला क्रोम स्प्रे तर त्याहून वाईट. त्यात धातूचे बारीक कण असतात, ते उजेड चहूकडे विखुरतात; दिवा भिंतीसमोर लावलात की झोत नावाची गोष्टच उरत नाही, नुसता धूसर गोळा दिसतो.

दिवा काढणं आणि उघडणं

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. बाहेरची क्रोमची रिंग बहुधा खालच्या एका स्क्रूवर असते. तो गंजून बसलेला असेल तर आदल्या रात्रीच त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजेल. रिंगच्या आत दिवा धरून ठेवणारी दुसरी पातळ रिंग तीन छोट्या स्क्रूंवर असते. याशिवाय स्प्रिंग असलेले दोन स्क्रू दिसतील, एक वर आणि एक बाजूला. ते झोत वर-खाली आणि डावी-उजवीकडे करण्याचे. त्यांना हात लावू नका. मागचा टोपीसारखा रबरी बूट ओढून काढा, कपलर काढा, बल्ब काढा. बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नका; घामाचा तेलकट ठसा तापला की तिथे काच फुगते.

आता खुणा. काच आणि रिफ्लेक्टर जिथे जुळतात तिथे बाहेरून दोन्हींवर एक बारीक रेघ ओरखडून ठेवा. काचेवरच्या उभ्या-आडव्या पन्हळी उजेडाला आकार देतात. बल्बच्या खाचेच्या तुलनेत काच थोडी जरी फिरून बसली तर झोत तिरका होतो, आणि तो स्क्रूंनी सरळ करता येत नाही. पेनची खूण पुढच्या धुण्यात पुसून जाते, म्हणून ओरखडाच हवा.

काही संचांत काच क्लिपांनी आणि रबरी गॅस्केटने धरलेली असते, तिथे उघडणं सोपं. बाकी बहुतेकांत ती चिकटवलेली असते. ओव्हन ९० ते १०० अंशांवर आधी तापू द्या, बंद करा आणि दिवा आत दहा-पंधरा मिनिटं ठेवा. स्वयंपाकघरातला ओटीजी वापरणार असाल तर घरात आधी परवानगी काढा, वास बराच वेळ राहतो. चिकटा डांबरासारखा मऊ पडला तर सपाट पातळ पट्टी कडेने सरकवत काच अलगद सोडवा. जाड हातमोजे घाला आणि गरम काचेवर पाण्याचा थेंबही पडू देऊ नका. चिकटा गरम होऊनही दगडासारखाच राहिला, तर तो इपॉक्सी जातीचा आहे. तिथे पातळ पोलादी तारेने कापत जाता येतं, पण काच टिकेल याची खात्री नाही. अशा वेळी थांबून पुन्हा एकदा विचारा, नवा संच मिळतोय का?

प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरला यातलं बरंच काही लागू नाही, त्याला गंज येत नाही आणि पुढची रसायनंही सोसत नाहीत. चुंबक लावून पत्राच आहे याची खात्री करा.

फक्त धुण्याने भागतं तेव्हा

उघडल्यावर दिसलं की फोड नाहीत, गंज नाही, नुसती धूळ आणि धुरकटपणा आहे, तर काहीही घासू नका. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. विकत घेताना बाटलीत अॅसिड नाही हे वाचून घ्या. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब टाका, वाटी भरून हलवा, ओता. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळखळून वाटी उपडी ठेवून सुकू द्या. बोअरचं पाणी वापरलं तर सुकल्यावर क्षाराचे पांढरे ठिपके उरतात, आणि ते पुसायला गेलात की अॅल्युमिनियम गेलंच.

गंज काढणं

मेटलायझिंगवाल्याकडे जाण्याआधी हे काम स्वतः केलंत तर दर्जा तुमच्या हातात राहतो. तरी आधी त्याला फोन करून विचारा, कारण काहींना वाटी जशीच्या तशी हवी असते आणि त्यांच्याकडे स्वतःची धुण्याची टाकी असते.

जुना अॅल्युमिनियमचा थर आणि बरंचसं लॅकर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात निघतं. प्लास्टिकच्या बादलीत एक लिटर पाण्याला साधारण ५० ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, नाहीतर उकळून अंगावर येतं. गॉगल आणि रबरी हातमोजे हवेतच, आणि हे अंगणात किंवा गच्चीत करा: अॅल्युमिनियम विरघळताना हायड्रोजन सुटतो, जवळपास विडी-काडी नको. लॅकर हट्टी असेल तर पेंट रिमूव्हर लावा. मग भरपूर पाण्याने धुवा.

आता उघडा पत्रा आणि त्यावरचा गंज. सुटा गंज वॉटर पेपरने काढा, ३२० नंबरपासून सुरू करून ६००, १०००, १५०० पर्यंत, सतत पाणी लावत. इथे हात आवरायला हवा. ग्राइंडर किंवा ड्रिलला लावलेला वायर ब्रश वापरू नका. पत्र्यावर खळगे पडतात आणि पॅराबोलाचा आकार बिघडला की वर कितीही चमक आणा, झोत परत येत नाही. उरलेल्या काळ्या ठिपक्यांना फॉस्फोरिक अॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावरच्या सूचनेइतका वेळ ठेवा, पुसा आणि लगेच गरम हवेने सुकवा. ओला उघडा पत्रा कोकणच्या हवेत तासाभरात परत तांबूस होतो.

पत्रा सुकला की उजेडासमोर धरून पाहा. आरपार भोकं दिसली तर वाटी टाकून द्या. खड्डे असतील पण भोकं नसतील, तर उष्णता सोसणारा दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर पातळ थरांत देऊन तो घासून सपाट करता येतो. डेंटिंगवाल्यांची लांबी (पुट्टी) इथे चालत नाही. एच-४ बल्बच्या माथ्यावरचं तापमान शंभर अंशांच्या सहज पुढे जातं, तिथे लांबी तडकते आणि नवा थर घेऊन सुटते. पाठीमागच्या बाजूलाही प्रायमर आणि रंग द्यायला विसरू नका. कित्येक वाट्या मागून पुढे गंजत येतात.

मेटलायझिंगवाल्याशी बोलणं

हे काम करणारे लोक हेडलाइटसाठी बसलेले नसतात. बाटल्यांची झाकणं, ट्रॉफी, शोभेच्या वस्तू, नकली दागिने यांवर चमक चढवणं हा त्यांचा धंदा. वसई, भोसरी अशा औद्योगिक पट्ट्यांत चौकशी करावी लागते, आणि दोन वाट्यांसाठी पेटी चालवायला ते कुरकुरतात. त्यांच्या मोठ्या मालाबरोबर तुमच्या वाट्या टाकायला सांगा, वेळ लागला तर थांबायची तयारी ठेवा. क्लबमधले चार-पाच जण एकत्र आलात तर आणखी बरं.

त्यांचा नेहमीचा माल गरम होत नाही, तुमचा होतो. म्हणून पहिला प्रश्न लॅकरचा: खालचा थर आणि वरचा थर किती तापमानाला टिकतो, आणि तो भट्टीत भाजतात का? ट्रॉफीवरचं हवेवर सुकणारं लॅकर दिव्यात पिवळं पडून सोलतं. उत्तर गुळमुळीत मिळालं तर दुसरा कारखाना शोधा. दुसरी गोष्ट, वरचा थर पूर्ण पारदर्शक हवा, सोनेरी झाक नको. ट्रॉफीवाल्यांची ती सवय असते. तिसरी, बल्बच्या बैठकीवर लॅकरचा जाड थर चढता कामा नये. बैठक अर्धा मिलिमीटर जरी वर आली तरी फिलॅमेंट केंद्रबिंदूपासून हलतं, म्हणून तिथे उष्णता सोसणारी टेप लावून द्या. आणि दोन्ही वाट्या एकाच फेरीत करायला सांगा.

पेटीत काय होतं तेही सांगतो, म्हणजे गप्पा मारायला बरं. हवा जवळपास सगळी ओढून घेतात, टंगस्टनच्या तारेवर ठेवलेले अॅल्युमिनियमचे तुकडे तापवतात, ते वितळतात आणि मग वाफ होऊन सरळ रेषेत सगळीकडे उडतात. त्या वाफेला ज्या पृष्ठभागाची थेट दृष्टिरेषा मिळते तिथेच ती बसते. म्हणून वाटी पेटीत फिरती हवी आणि तिचं तोंड तारेकडे हवं. खोल वाटीच्या एका बाजूला थर गडद आणि दुसऱ्या बाजूला पातळ दिसला तर ती नीट फिरली नाही असं समजा.

वाट्या हातात आल्यावर तिथेच तपासा. काठाजवळ, जिथे काच बसल्यावर दिसणार नाही, तिथे साधी सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपला चंदेरी थर आला तर काम परत करा. मग वाटी ट्यूबलाइटखाली धरून ट्यूबचं प्रतिबिंब हळूहळू पृष्ठभागावरून फिरवा. ते वाकडं होणारच, पण मध्येच तुटलं किंवा थरथरलं तर खाली घासण्याची कसर राहिली आहे. धूळीचा एखाद-दुसरा कण अडकलेला असेल तर तो सोडून द्या, रस्त्यावर त्याचा काही परिणाम दिसत नाही.

चिकटपट्टीचा मार्ग

लगेच मेटलायझिंग शक्य नसेल आणि गंज खालच्या अर्ध्या भागात असेल, तर फ्रिज-एसीवाले वापरतात ती अॅल्युमिनियम फॉइल टेप घ्या. प्लास्टिकची चंदेरी फिल्म नको, ती उष्णतेने आकसते. गंज घासून प्रायमर देऊन सुकवा. टेपच्या एक सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा, एका टोकाला निमुळत्या. काठाकडून बल्बच्या भोकाच्या दिशेने, शेजारी-शेजारी लावत जा. मोठा तुकडा वाटीच्या दुहेरी वळणावर सुरकुत्या पाडल्याशिवाय बसत नाही. मऊ फडकं गुंडाळलेल्या अंगठ्याने दाबा. सुरकुत्या राहतीलच, आणि त्या थोडा उजेड भलतीकडे फेकतील. म्हणूनच वरच्या अर्ध्या भागात हा प्रयोग नको: तिथला भरकटलेला उजेड डिपरच्या रेषेच्या वर जाऊन समोरच्याला दिपवतो. साध्या पारदर्शक काचेच्या, अनेक पैलूंच्या नव्या रिफ्लेक्टरवरही टेप लावू नका, तिथे झोताचा सगळा आकार रिफ्लेक्टरच ठरवतो.

जोडणी

काच आतून स्वच्छ धुऊन पूर्ण सुकवा. वाटीच्या आत बोट घालू नका, शिंकूसुद्धा नका. जुना चिकटा खाचेतून काढा आणि हेडलाइटसाठी मिळणारी ब्यूटाइलची (चिकट रबराची) दोरी बसवा. पुढे कधी उघडायची वेळ आली तर ती गरम करून सुटते.

सिलिकॉन वापरणार असाल तर एक अट आहे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण ते सुकताना अॅसेटिक अॅसिड सोडतं. बंद दिव्यात ती वाफ कोंडते आणि नव्याकोऱ्या अॅल्युमिनियमवर हल्ला करते. डब्यावर "न्यूट्रल क्युअर" लिहिलेलंच घ्या, आणि बल्ब न लावता, मागचं भोक जाळीच्या कापडाने झाकून, दिवसभर सुकू द्या.

खुणेची रेघ जुळवून काच बसवा. दिव्याला खाली किंवा मागे हवा खेळायला छोटं भोक असेल तर ते बुजवू नका. दिवा तापला की आतली हवा फुगून बाहेर जाते, थंड झाला की आत ओढली जाते. ती वाट बंद केली तर हवा सीलमधून वाट काढते आणि सोबत पाणी आणते.

बल्ब ६०/५५ वॉटचाच. शंभर-नव्वद लावला तर दोन्ही अप्परचा मिळून करंट दहा अँपिअरवरून साधारण सतरावर जातो, तो जुना स्विच आणि होल्डर सोसत नाहीत, आणि नवं लॅकर भाजून निघतं. एलईडी बल्बचाही मोह टाळा. त्याचे चिप्स फिलॅमेंटच्या नेमक्या जागी नसतात, त्यामुळे झोत फाटतो. शिवाय तो काचेला हॅलोजनइतकी उष्णता देत नाही, म्हणून आतलं दव पावसाळ्यात सुकत नाही.

आणि रबरी बूट. मागचा तो काळा टोपीसारखा तुकडा. बल्ब बदलताना तो फाटतो, मेकॅनिक बाजूला टाकतो, कुणालाही त्याची आठवण राहत नाही, आणि मग पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी आणि चिखल थेट बल्बच्या भोकातून आत जातो. गंजलेले जेवढे रिफ्लेक्टर पाहाल त्यातल्या बहुतेकांच्या मागे बूट नसतो किंवा फाटलेला असतो. नवा घ्या, तीन पिनांवर घट्ट बसवा, त्याचा काठ सगळीकडून बैठकीवर चढला आहे हे बोट फिरवून तपासा.

झोत लावणं

समायोजनाचे स्क्रू हलवले नसले तरी झोत तपासाच, कारण नवी काच-वाटी जुनीसारखी बसेलच असं नाही. चारही चाकांत हवा बरोबर भरा, चालकाच्या जागी कुणाला तरी बसवा, सपाट जमिनीवर गाडी भिंतीपासून पाच मीटरवर सरळ उभी करा. जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर त्या उंचीला आडवी रेघ मारा, आणि तिच्या खाली पाच सेंटिमीटरवर दुसरी. दोन्ही दिव्यांच्या मध्यासमोर उभ्या रेघा मारा.

एक दिवा झाकून दुसऱ्याचा डिपर लावा. उजेडाची वरची आडवी कड खालच्या रेघेवर यायला हवी, आणि जिथून ती डावीकडे वर उचलायला लागते तो कोपरा उभ्या रेघेवर. हा एक टक्क्याचा उतार आहे: पाच मीटरला पाच सेंटिमीटर, दहा मीटरला दहा. आधी उंची लावा, मग डावं-उजवं, मग उंची परत पाहा, कारण एक स्क्रू फिरवला की दुसऱ्यावर थोडा परिणाम होतोच. मागच्या सीटवर नेहमी माणसं आणि डिकीत सामान असेल तर नाक वर उठतं, तेव्हा कड रेघेच्या थोडी खालीच ठेवा. अप्पर वेगळा लावायचा नसतो, डिपर बरोबर आला की तो आपोआप जागेवर येतो.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरणासाठी तिची तपासणी होते. तिथे हेडलाइटही पाहतात, तेव्हा हे काम पासिंगच्या आठवडाभर आधी आटोपलेलं बरं.

पहिल्या दोन-चार पावसांनंतर सकाळी काचेत डोकावून पाहा. कडेला हलकं दव धरलं असेल आणि दिवा दहा मिनिटं लावल्यावर ते जात असेल तर काळजी नको. तळाशी पाण्याचे थेंब साचलेले दिसले तर ते सीलमधून किंवा बुटाकडून आलेलं पाणी आहे. त्याच आठवड्यात दिवा काढून सुकवा. आणि गाडी धुताना प्रेशर वॉशरचा फवारा हेडलाइटच्या रिंगच्या फटीवर धरू देऊ नका, विशेषतः धुणारा पोरगा उत्साही असेल तर.